माझ्यामागे मी

गाडी तीच होती. दिव्यांचा आकार बदलला होता, तोंडावरच्या जाळीला एक चकचकीत पट्टी आली होती आणि निळ्या रंगाला कंपनीने समुद्राचं काहीतरी नाव दिलं होतं. पण सांगाडा जुना, दारं जुनी, सीटाही जुन्याच रुळांवर जुन्याच जागी. किल्ली हातात देताना कंपनीचा माणूसच म्हणाला होता, "आत काही शोधत बसू नका, साहेब. नुसती वरून पावडर लावलीय." म्हणून चाचणीतलं हे काम त्याने शेवटासाठी ठेवलं होतं. हात आपोआप करतात, डोकं लागत नाही, असं काम. ऑफिसमागच्या वाहनतळात गाडी उभी करून तो ड्रायव्हरच्या सीटवरून उतरला, सीटला धक्का न लावता मागचं दार उघडून बरोबर तिच्या मागे बसला, आणि आपला गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्या मध्ये त्याने उजवा पंजा आडवा घातला. हाताला काही लागलंच नाही. चार बोटं बसायला हवी होती, तीही घट्ट. या गाडीची चार बोटं त्याला पाढ्यासारखी पाठ होती, कारण ती पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा त्यानेच ती मोजली होती. आता चार बोटं गेली, त्यांच्यावर अंगठा गेला, आणि तरी आणखी एक बोट इकडून तिकडे फिरेल एवढी फट उरली. त्याने पंजा बाहेर काढून उजेडात धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. माल नेहमीपेक्षा जास्त भरला की वाणी आधी वजनाकडे पाहतो, तसा.

गाड्यांचं वेड असलेल्या माणसांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात त्याचं एक सदर होतं, 'माझ्यामागे मी'. मागच्या सीटवर पाय किती ऐसपैस राहतात हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने सांगायची, आणि सांगताना पुढची सीट गपचूप पार पुढे ढकललेली असायची. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर गाडी ड्रायव्हरशिवाय चालायला हवी होती. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्याने यावर एक साधा उपाय काढला. आपण गाडी चालवायला जशी सीट लावतो तशी लावायची, मग उतरून आपल्याच मागे बसायचं आणि गुडघ्यापुढे किती बोटं मावतात ते छापायचं. माणूस एक, गुडघा एक, बोटं तीच. शास्त्र म्हणून त्यात खोट नव्हती. मोजपट्टी किती लांब आहे याने फारसं बिघडत नाही, ती सगळीकडे तीच असली म्हणजे झालं. वाचकांना ही बोटं फार आवडली. "मी तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहे, किती वजा करू?" अशी विचारणा व्हायची. पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसाने त्याचा हात मागून घेऊन स्वतःच्या हाताला लावून पाहिला होता, आणि एका कंपनीचा मुख्य अभियंता हस्तांदोलन करताना त्याचा पंजा बराच वेळ सोडेना, भविष्य बघणाऱ्यासारखा तो उलटासुलटा करून म्हणाला होता, "म्हणजे हाच तो." घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली होती, "विमा उतरव त्याचा. तुझा नको, पंजाचा."

आता दोनच शक्यता होत्या. गाडी वाढली होती किंवा तो. गाडी वाढलेली नव्हती. त्याने उतरून पुन्हा ड्रायव्हरची सीट पार मागे नेली, डोळे मिटले, हातपाय सैल सोडले आणि नव्याने, काही न ठरवता, चालवायला बसावं तशी ती पुढे आणली. रुळाचे दात एकेक करून कटकट वाजत गेले. पुन्हा मागे जाऊन बसला. पुन्हा तीच मोकळी जागा. मागच्या सीटच्या कापडाला नव्या गाडीचा तो गोंदासारखा वास होता, जो त्याच्या नाकाला एरवी कळतसुद्धा नसे, आणि आज तो घशापर्यंत उतरला. मग त्याच्या मनात, बोलावलेलं नसताना, मागच्या काही वर्षांतल्या गाड्यांचे आकडे एकामागून एक येऊन उभे राहिले. पाच बोटं. पाच बोटं. साडेपाच. लहान गाड्यासुद्धा पाच. त्याने यावर एक लांबलचक लेखही लिहिला होता, 'मागच्या प्रवाशाला बरे दिवस', आणि त्यात कंपन्यांना अखेर शहाणपण सुचलं म्हणून त्यांची पाठ थोपटली होती. एका कंपनीने त्यातलं वाक्य जाहिरातीतही घेतलं होतं. सगळ्या गाड्यांची मागची जागा वर्षावर्षाला बोटाबोटाने वाढत होती, आणि याचं कारण एवढंच होतं की पुढे बसलेला माणूस दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकत होता.

"पापणी," त्याने हाक मारली. मासिकाचा फोटोग्राफर समोरच्या भिंतीवर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता. आयुष्यभर एक डोळा मिटून जगाकडे पाहिल्यामुळे त्याची डावी पापणी कायमची अर्धी खाली आली होती आणि नाव तेच पडलं होतं. "पापणी, मी गाडी चालवताना कसा बसतो?"

"कसा म्हणजे? बुडावर."

"गंमत नको. पुढे सरकून बसतो का?"

पापणीने काच उजेडाला धरली. "हल्ली बसतोस. काचेला नाक लावून. मला वाटलं पोट लपवतोयस. म्हणून तर मी तुझे फोटो बाजूने घ्यायचे बंद केले. गाडीपेक्षा तुझंच काहीतरी चाललंय असं दिसायचं."

"सांगितलं नाहीस ते?"

"अरे, आता माणसाला त्याच्या बसण्यावरून काय बोलायचं? आणि तू ऐकणारा कधीचा?"

त्याने हसून ते सोडून दिलं, पण त्या क्षणी त्याला आपला मामा दिसला होता. मामाचा मालवाहू टेम्पो होता. लहानपणी सुट्टीत तो मामाच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघा लागणार नाही असा अंग चोरून बसायचा. इंजिनाची ऊब पायाखालच्या पत्र्यातून वर यायची आणि मामा सीटवर असा रेलून बसायचा की गाडी चालवतोय की दाढी करून घेतोय ते कळू नये. हात सरळ, कोपर खिडकीबाहेर. "रस्ता येतोय आपल्याकडे," मामा म्हणायचा. "आपण फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही." गाड्यांचं वेड त्याला तिथे लागलं, पुस्तकांतून वगैरे नाही. तोच मामा म्हातारपणी स्टेअरिंगवर हनुवटी टेकवून टेम्पो हाकायचा. दोन्ही हात वरच्या बाजूला, खारीने शेंग धरावी तसे. सगळं घर हसायचं. मामी म्हणायची, "काच फोडून बाहेर पडतील एक दिवस, मग मी सुटले." सगळ्यांत मोठ्याने तो हसायचा, कारण तोवर तो गाड्यांवर लिहायला लागला होता आणि ड्रायव्हरने कसं बसावं यावर त्याचं एक प्रकरणच छापून आलं होतं. मामाला दिसत नाही, असं घरात ठरलं होतं. चष्मा केला, नंबर बदलला, पुन्हा बदलला. हनुवटी स्टेअरिंगवरून हलली नाही. मामा स्वतः त्यावर कधी काही बोलला नाही. एकदा फक्त, घरासमोर टेम्पो थांबवून इंजिन बंद केल्यावर, तो बराच वेळ आतच बसून राहिला होता, आणि उतरताना त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. दिवस तर थंडीचे होते.

तोही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच गेला. डॉक्टरीणबाईंनी बुबुळांत औषध घातलं, अंधाऱ्या खोलीत हनुवटी एका पट्टीवर टेकवायला लावली, कडेकडेला चमकणारे ठिपके मोजायला लावले, आणि शेवटी दिवा लावून म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत तुमचे. वयाच्या मानाने नाही, एरवीसुद्धा." त्याचं तोंड उतरलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "काही निघायला हवं होतं का?" निघायला हवं होतं. डोळ्यांत काही निघालं असतं तर त्याला नाव असतं, थेंब असते, कापून काढायची सोय असती, आणि ऑफिसात सांगायला एक सरळ वाक्य मिळालं असतं. औषधाने बुबुळं ताणलेली असल्यामुळे परतीच्या बसमध्ये सगळा उजेड त्याच्या अंगावर धावून येत होता. खिडकीजवळच्या सीटवर तो डोळे मिटून बसला, आणि बसने ब्रेक मारायच्या जरा आधीच, दर वेळी, त्याचा उजवा पाय फळीवर दाबला जात होता. कोणी न सांगता. शेजारची बाई पिशवी सावरून थोडी लांब सरकली.

"झोपेतही करतोस," बायको दुसऱ्या दिवशी चहा गाळताना म्हणाली. ती एका रक्तपेढीत तपासनीस होती. माणसाच्या आत काय चाललंय ते त्याला न विचारता शोधायची तिला सवय होती.

"काय करतो?"

"पाय दाबतोस. कधीपासून तरी. आधी मला वाटलं स्वप्नात कोणाला लाथ घालतोयस. मग लक्षात आलं, ब्रेक मारतोयस. मी काही गाडी नाहीये हां, माझी पोटरी आहे ती."

"मग उठवायचं."

"उठवलं की तू म्हणतोस, काही नाही, काही नाही. तुझं सगळं काही नाहीच असतं." तिने कप त्याच्यापुढे सरकवला. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डोळे ठणठणीत."

"बरं." ती पुढे काही बोलली नाही, आणि तिच्या त्या न बोलण्यात भरपूर जागा होती, एखाद्याने येऊन बसावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. तो बसला नाही. चहा संपवून उठला.

कारण त्याला स्वतःलाच अजून कळलं नव्हतं. चाचणीची एक ठरलेली फेरी होती. ऑफिसवरून पाणीपुरवठ्याच्या टाक्यांकडे, तिथून टेकडीवर मनोऱ्यापर्यंत, मनोऱ्याच्या पलीकडून दगडाच्या जुन्या खाणीला वळसे घालत खाली, मग गोदामांच्या बाजूचा सरळ रस्ता आणि परत. नोकरीच्या साऱ्या वर्षांत मासिकात आलेली प्रत्येक गाडी त्याने त्या फेरीवर नेली होती, आणि खाणीच्या वळणांवर गाडीचं खरं रूप बाहेर येतं हे त्यानेच वाचकांना शिकवलं होतं. डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या आठवड्यात तो एकटाच ती फेरी मारायला गेला, चाचणीसाठी नाही, स्वतःला पाहायला. एखाद्या उपकरणाकडे पाहावं तसं त्याने स्वतःच्या उजव्या पावलाकडे लक्ष ठेवलं. मनोऱ्यापर्यंत पाऊल शहाण्यासारखं वागलं. खाणीचं पहिलं वळण दिसलं मात्र, आणि अजून रस्ता सरळ असताना, अजून काहीही घडलेलं नसताना, पाऊल अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचललं गेलं. त्याच्यामागोमाग पोटात काहीतरी गार होत गेलं. जिभेवर लोखंडाची चव आली. खांदे पुढे आले, हात कोपरात वाकले, मान पुढे झाली. सगळं शरीर वळणापलीकडचं जे दिसत नव्हतं ते पाहायला काचेकडे झुकलं. भीती. एवढा साधा शब्द, आणि तो त्याला सापडायला डोळ्यांत थेंब घालून घ्यावे लागले. त्याने गाडी कडेला घेतली. खाली खाणीतलं साचलेलं पाणी हिरवं दिसत होतं आणि त्याच्या काठावर कोणीतरी शांतपणे मोटारसायकल धूत होतं. त्याला अपघात झालेला नव्हता. ओळखीतल्या कोणाला झालेला नव्हता. आपली भीती कुठल्या दिवशी सुरू झाली हे शोधायचा त्याने प्रयत्न केला, पण तिला सुरुवातच नव्हती; टाकीत गंज धरतो तशी ती बाहेरून काही न दिसता जमत गेली होती. पंचविशीत हेच वळण घेताना पोटात जे व्हायचं ते वेगळं होतं का, की तेच होतं आणि तो त्याला मजा म्हणत होता, हेही त्याला नीट आठवेना.

आणि मग त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. तो लिहीत होता ते काय? 'भरधाव वळणावरही गाडी घोरपडीसारखी रस्ता धरून राहते,' हे त्याचं गाजलेलं वाक्य होतं. संपादक ते नव्या लेखकांना वाचून दाखवायचे. आता त्याला आठवलं की अलीकडच्या कितीतरी गाड्यांबद्दल त्याने हे किंवा याचं एखादं भावंड लिहिलं होतं, आणि त्यांतली एकही गाडी त्याने त्या वळणावर भरधाव नेली नव्हती. तो खोटं लिहायला बसला नव्हता. त्याला वाटत होतं की नेली आहे. टेबलापाशी बसल्यावर त्याच्या अंगात जुनी वळणं जागी व्हायची, जुन्या गाड्यांचं पाठीला जाणवलेलं ओढणं, हाताला आलेला रस्त्याचा खरबरीतपणा, आणि त्या साठ्यातून तो नव्या गाडीला वाढत होता. कुठेतरी एखादा माणूस त्याचं वाक्य वाचून, मागे बायकोपोरांना बसवून, एखाद्या वळणावर पाय दाबत असेल. आजवर तसं काही झाल्याचं ऐकिवात नव्हतं. गाड्या बऱ्या असतात हल्ली. पण आता लिहायला बसलं की पेन त्या वाक्याशी येऊन थांबायचं, आणि थांबलेल्या पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत जायचा.

राजीनामा देताना त्याने कंटाळा आला असं सांगितलं. संपादक खुर्चीतून अर्धे उठले. "कंटाळा? तुला? अरे, तुला लग्नाचा कंटाळा येईल, जेवणाचा येईल. दुसऱ्या मासिकात चाललायस, सरळ सांग."

"नाही हो. एका कंपनीत वापरपुस्तिका लिहायला घेतायत."

"वापरपुस्तिका?" संपादकांनी तो शब्द दोन बोटांत धरल्यासारखा उच्चारला. "ती गाडीच्या खणात असते ती? प्लॅस्टिकमधली? आख्ख्या जगात ती कोणी उघडलेली नाही."

"गाडी बंद पडली की उघडतात."

"म्हणजे बंद पडलेल्या गाड्यांचा लेखक होणार तू." ते हसले, मग थांबले. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांच्या मनात या माणसाबद्दल लोभ म्हणावा असं काहीतरी होतं, जे ते टिंगलीतूनच बाहेर काढू शकत. "काय लिहिणार तिथे? टायरमधली हवा तपासताना टायर गार असावेत?"

"असावेतच."

"अरे, पण त्यात तू कुठेयस?"

कुठेच नाही, हेच तर तो शोधत होता. हँडब्रेक ओढा, मग गिअर काढा. असं वाक्य ज्यात कोणाचं पोट नाही, पाठ नाही. घाबरटाने लिहिलं काय आणि शूराने लिहिलं काय, ते तितकंच खरं. पण हे संपादकांना सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून तो नुसता हसला, आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावून घेतला. सगळ्यांनीच लावून घेतला. कोणी म्हणालं पगार, कोणी म्हणालं पाठदुखी. त्याने कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही, आणि मग त्याला विचित्र एकटं वाटायला लागलं, स्वतःच दार लावून घेऊन आतून कोणी ठोठावतंय का ते ऐकत बसावं तसं.

त्याच्या जागी आलेली मुलगी यंत्र अभियांत्रिकी शिकलेली होती आणि ऑफिसात तिला पहिल्या दिवसापासून इंजिनिअर म्हणायला लागले होते. बुटकी, ठेंगण्या बांध्याची, बोलताना समोरच्याच्या तोंडाऐवजी हाताकडे बघणारी. 'माझ्यामागे मी' सदर तिलाच पुढे चालवायचं होतं. तिने एकदा विचारलंही, "सर, माझी उंची कमी. माझ्यामागे सगळ्याच गाड्यांत मोकळं मैदान होणार. तुमच्या आकड्यांशी माझे जुळवायचे कसे?" तेव्हा त्याने तिला सांगायला हवं होतं, की माझे माझ्याशीच जुळत नाहीत. त्याने सांगितलं, "नव्याने सुरू कर. वाचक सवय करून घेतात." ती मान हलवून गेली, पण तिचं समाधान झालं नाही हे तिच्या पाठीवरून दिसत होतं.

निरोपाच्या दुपारी पापणीने त्याच्यावर चाचणी अहवाल लिहून आणला होता आणि टेबलावर उभं राहून वाचला. "बांधणी: जुनी, पण पत्रा जाड. इंधन: साखर कमी असलेला चहा, एका पानाला चार कप, म्हणजे परवडणारी नाही. सकाळी चालू व्हायला वेळ लागतो. कर्कश हॉर्न, पण क्वचित वापरलेला. एकच मालकीण, तिच्याकडून चांगली देखभाल." लोक हसत होते, तोही हसत होता. "मागची जागा: प्रशस्त. कारण ड्रायव्हर हल्ली काचेला नाक लावून बसतो, माश्या मारायला." हशाचा कल्लोळ झाला. त्याचे कान गरम झाले. त्याने हसू चेहऱ्यावर तसंच धरून ठेवलं, आणि त्या हशाच्या पलीकडे त्याला इंजिनिअर दिसली; ती हसत नव्हती. तिचे ओठ किंचित हलत होते, मनात काहीतरी बेरीज-वजाबाकी चालल्यासारखे.

"जाताजाता हिला फेरी दाखवून आण," संपादक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "शेवटची. पापणी, तूही जा, फोटो काढ." कोणीतरी किल्ली त्याच्या हातात दिली. खाली वाहनतळात चाचणीला आलेली लाल, बुटकी, जोरकस गाडी उभी होती, जिच्यासाठी तो पूर्वी रात्रभर जागला असता. त्याने किल्ली इंजिनिअरला दिली. "तू चालव." पापणी कॅमेरा घेऊन पुढे तिच्या शेजारी बसला, म्हणून तो मागे बसला, डाव्या कोपऱ्यात.

ती छान चालवत होती. पाण्याच्या टाक्यांपर्यंत गाडीची ओळख करून घेतली, चढावर जरा ताणली, मनोऱ्याला पोचेपर्यंत तिच्या खांद्यांत तो सैलपणा उतरला होता जो त्याला चांगला ओळखीचा होता. ती फार बोलत नव्हती. पापणी तेवढा, "माझी काच जपा, बाई, बाकी माझं काही झालं तरी चालेल," असं म्हणत होता. मग खाणीचं पहिलं वळण आलं. मागच्या सीटवर त्याचा पाय कापडाच्या चटईवर दाबला गेला, जिभेवर ती चव आली, हात दाराच्या मुठीला गेला. गाडी वळणात शिरली, झुकली, टायरांनी हलका सूर धरला, आणि बाहेर पडली. काही झालं नाही. ती पुढच्या सरळ तुकड्यावर वेग कमी करून आरशात पाहत होती. आरशात तिचे डोळे फक्त दिसत होते.

"सर, इथे तुम्ही काय करायचात?"

त्याच्याकडे उत्तर तयार होतं, छापून आलेलं, घोरपडीसकट. त्याने तोंड उघडलं आणि दुसराच प्रश्न बाहेर पडला. "पूर्वी, की हल्ली?"

"हल्ली."

पापणीने कॅमेरा मांडीवर ठेवला. गाडीत वाऱ्याचा बारीक आवाज होता. "हल्ली मी वळण यायच्या आधीच पाय काढतो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा साधा निघाला, दुकानात भाव विचारावा इतका. "घाबरतो म्हणून. बरीच वर्षं. म्हणूनच पुढे सरकून बसतो. म्हणून माझ्यामागे जागा वाढली. माझे शेवटच्या वर्षांतले आकडे धरू नकोस. आणि वळणावर मी जे लिहिलंय तेही धरू नकोस."

पापणी खिडकीबाहेर पाहत होता आणि त्याचा चांगला डोळाही अर्धा मिटला होता. आता काहीतरी सांत्वनाचं येईल, तुमच्यासारख्या माणसाने वगैरे, म्हणून त्याने अंग आवळून घेतलं. इंजिनिअरने गाडी कडेला घेऊन थांबवली. ती विचार करत होती.

"किती आधी?" तिने विचारलं.

"काय किती आधी?"

"पाय किती आधी काढता? म्हणजे वळणाच्या तोंडाशी, की त्याच्या बरंच अलीकडे? अंतर कळलं तर बाकीचं काढता येईल."

तो हसला नाही, पण छातीत कुठेतरी एक पट्टा सैल झाला. त्याने मान वळवून मागच्या काचेतून रस्ता पाहिला. "सांगून नाही कळायचं," तो म्हणाला. "दिसलं की कळतं."

"मग दाखवा." तिने रस्ता दोन्हीकडून मोकळा आहे असं पाहून गाडी वळवली. पापणी म्हणाला, "म्हणजे मी पुन्हा मरणार," आणि पट्टा घट्ट केला. पण त्याने मागे हात करून मित्राच्या गुडघ्यावर एकदा थापटलं आणि हात परत नेला. मनोऱ्याशी वळसा घेऊन ती पुन्हा उतरणीला लागली. तो दोन सीटांच्या मधून रस्ता पाहू लागला. उतरण, कठडा, विजेचा एक वाकलेला खांब. पोटात ते गार होऊ लागलं आणि या वेळी त्याने ते हटकलं नाही, त्याच्याकडे लक्ष दिलं, कारण एका माणसाला ते बरोबर हवं होतं.

"इथे," तो म्हणाला.

तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीचं नाक हलकेच खाली आलं, वेग ओसरला, आणि वळण कुरकुर न करता आलं तसं मागे गेलं. "बरंच अलीकडे आहे," ती म्हणाली. "पण तुटक नाही जात. छान जाते." पुढचं वळण समोर दिसायला लागलं होतं. "आणि इथे?"

त्याने वाट पाहिली. रस्ता मोकळ्या बाजूला उघडत होता, पलीकडचं सगळं दिसत होतं, गोदामांची छपरं, त्यांवरचं ऊन, सरळ जाणारी पट्टी. त्याने पोटाला विचारलं. पोट काही बोललं नाही.

"इथे नाही," तो म्हणाला. "इथे दाब."